थायरॉइडचे आरोग्य आणि वंध्यत्व उपचारानंतरची गर्भधारणा

वंध्यत्व उपचारानंतरच्या गर्भधारणेतील थायरॉइडचे आरोग्य हा स्त्रीरोगशास्त्र व अंतःस्रावशास्त्र या दोन्ही शाखांशी निगडित असलेला वैद्यकीय विषय आहे. अवटु ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, ही गळ्याच्या पुढील भागात असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी होय. तिच्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांची कमतरता किंवा अधिक्य असल्यास मासिक पाळी, बीजोत्सर्ग, गर्भधारणा, गर्भाची वाढ आणि प्रसूती या सर्वांवर परिणाम होऊ शकतो. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांत दिल्या जाणाऱ्या औषधांमुळे या ग्रंथीवरील ताण नैसर्गिक गर्भधारणेपेक्षा लवकर सुरू होतो. त्यामुळे उपचारापूर्वीची तपासणी आणि गर्भ राहिल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतील देखरेख यांना विशेष महत्त्व आहे. संप्रेरकांची खरी कमतरता औषधाने भरून काढल्यास लाभ होतो, याविषयी तज्ज्ञांत एकमत आहे. मात्र ग्रंथीचे कार्य सुरळीत असताना केवळ रक्तात प्रतिपिंडे आढळली म्हणून औषध दिल्यास अपत्यजन्माचे प्रमाण वाढत नाही, असे मोठ्या चाचण्यांतून दिसून आले आहे.

पार्श्वभूमी

शरीराबाहेर फलन करून जन्मलेले जगातील पहिले मूल २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्माला आले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी कोलकाता येथे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातील अशा पहिल्या बालिकेचा जन्म झाला. परंतु त्यांच्या कार्याला त्यांच्या हयातीत मान्यता मिळाली नाही. महाराष्ट्रात या उपचारपद्धतीचा प्रारंभ मुंबईत झाला. परळ येथील केईएम रुग्णालयातील डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजननविषयक संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या संयुक्त कार्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी एका बालिकेचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेली ही भारतातील पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी' मानली जाते. पुढील काळात ही पद्धती मोठ्या शहरांतील खासगी केंद्रांत पसरली. या केंद्रांचे नियमन सध्या सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा, २०२१ नुसार होते.

भारतात थायरॉइडच्या विकारांचा सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने झालेला विचार प्रथम गलगंडापुरता मर्यादित होता. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण घटते, हे सिद्ध झाले. त्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचे नाव 'राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम' असे करण्यात आले. गलगंड हे आयोडीनच्या कमतरतेचे केवळ एक दृश्य लक्षण असून गर्भपात, मृतजन्म आणि बालकाचे बौद्धिक मांद्य हीही त्याच कमतरतेची फळे आहेत, ही जाणीव या नामांतरामागे होती.

गर्भावस्थेतील ग्रंथीचे कार्य

थायरॉइड ग्रंथी प्रामुख्याने थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, हे संप्रेरक तयार करते. त्यासाठी आयोडीन आवश्यक असते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक सोडून थायरॉइडला उत्तेजन देते. रक्तातील टी-४ कमी झाले की टीएसएच वाढते आणि टी-४ जास्त झाले की टीएसएच घटते. म्हणून रक्त तपासणीच्या अहवालात टीएसएच वाढलेले दिसणे हे सामान्यतः थायरॉइड कमी पडत असल्याचे चिन्ह असते.

गर्भावस्थेत या ग्रंथीचे काम तीन कारणांनी वाढते. पहिले कारण म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे वाढलेले प्रमाण. त्यामुळे यकृतात थायरॉइड संप्रेरक वाहून नेणारे प्रथिन अधिक तयार होते. या प्रथिनाला बरेचसे टी-४ चिकटून राहते आणि ऊतींना प्रत्यक्ष वापरता येणारे मुक्त टी-४ राखण्यासाठी ग्रंथीला अधिक निर्मिती करावी लागते. दुसरे कारण म्हणजे गर्भाची गरज. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास आयोडीन ग्रहण करू लागते, परंतु तिचे कार्य अठराव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत पूर्णत्वास जात नाही. तोपर्यंत गर्भाच्या मेंदूचा विकास बहुतांशी मातेच्या संप्रेरकावर अवलंबून असतो. तिसरे कारण म्हणजे मातेच्या मूत्रावाटे आयोडीनचा वाढलेला निचरा.

या वाढीव कामाला एचसीजी या गर्भसंप्रेरकाचा काही अंशी हातभार लागतो. त्याची रचना टीएसएचशी मिळतीजुळती असल्यामुळे तेही थायरॉइडला उत्तेजित करते. निरोगी ग्रंथी हा सर्व भार पेलते. मात्र प्रतिपिंडांनी दुबळी झालेली, शस्त्रक्रियेने काढलेली किंवा आयोडीनला वंचित असलेली ग्रंथी या काळात अपुरी पडते.

वंध्यत्व उपचारांचा परिणाम

आयव्हीएफ उपचारात इंजेक्शनांद्वारे अंडाशयांना उद्दीपित करून एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे परिपक्व केली जातात. त्या दिवसांत रक्तातील इस्ट्रोजेनची पातळी नैसर्गिक चक्रातील पातळीच्या कित्येक पटींनी वाढते. परिणामी, नैसर्गिक गर्भधारणेत काही आठवड्यांत होणारा बदल येथे काही दिवसांत, आणि तोही गर्भ राहण्यापूर्वीच घडतो. मुक्त टी-४ घटते आणि टीएसएच वाढते. निरोगी स्त्रियांत हा बदल बहुधा सौम्य व तात्पुरता असतो. परंतु आधीपासून लेव्होथायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्या किंवा प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांत तो टिकून राहू शकतो. उद्दीपनाच्या दिवसांत केलेल्या तपासणीचा अर्थ लावणे यामुळे अवघड होते. म्हणून अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शक्य असल्यास उद्दीपनापूर्वी किंवा त्यानंतर एक ते दोन आठवड्यांनी तपासणी करावी.

गोठवलेल्या भ्रूणाचे रोपण करताना अंडाशय उद्दीपित करावे लागत नाहीत. मात्र गर्भाशयाचे अस्तर तयार करण्यासाठी अनेकदा इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या जातात आणि त्यांचाही वाहक प्रथिनावर तसाच परिणाम होतो. एकाहून अधिक भ्रूण रुजल्यास एचसीजीचे प्रमाण बरेच वाढते. अशा जुळ्या किंवा तिळ्या गर्भधारणांत पहिल्या तिमाहीत टीएसएच तात्पुरते फार खाली जाऊ शकते. हा ग्रंथीचा आजार नसतो आणि त्यासाठी बहुधा औषध लागत नाही.

वंध्यत्वाच्या तपासणीचाही थायरॉइडशी संबंध येतो. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी गर्भाशयात रंजक द्रव सोडून क्ष-किरण चित्र घेतले जाते. या द्रवात आयोडीन असते. तैलयुक्त द्रव वापरल्यास आयोडीन शरीरात दीर्घकाळ रेंगाळते आणि काही स्त्रियांत थायरॉइडचे कार्य मंदावते. अशा तपासणीनंतर लवकरच गर्भ राहिल्यास टीएसएच पाहणे इष्ट ठरते.

विकारांचे प्रकार व परिणाम

उघड अवटुन्यूनता: या प्रकारात टीएसएच वाढलेले आणि मुक्त टी-४ घटलेले असते. थकवा, वजनवाढ, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, पाळीतील अनियमितता ही तिची लक्षणे होत. उपचार न केल्यास गर्भपात, गर्भावस्थेतील उच्च रक्तदाब, वार अकाली सुटणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे बाळ आणि मृतजन्म यांचा धोका वाढतो. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गर्भावस्थेत उपचार न मिळालेल्या अवटुन्यून मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक तुलनागटापेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी आढळला. या प्रकारात उपचाराविषयी मतभेद नाहीत.

प्रच्छन्न अवटुन्यूनता: यात टीएसएच वाढलेले, परंतु टी-४ मर्यादेत असते. लक्षणे बहुधा नसतात. २०१९ मध्ये १९ अभ्यासगटांतील ४७,०४५ गर्भवतींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात या स्थितीचा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी माफक, पण निश्चित संबंध दिसून आला.

थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे: शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा काही स्त्रियांत स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यांतील टीपीओ प्रतिपिंडांची तपासणी सर्वाधिक प्रचलित आहे. ही प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांत टीएसएच सामान्य असले, तरी गर्भपात व अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाण अधिक आढळते. गर्भावस्थेत ग्रंथी अपुरी पडण्याची आणि बाळंतपणानंतर थायरॉइडचा दाह होण्याची शक्यताही त्यांच्यात अधिक असते.

अवटु-अतिक्रिया: यात संप्रेरकांचे प्रमाण जास्त असते. छातीत धडधड, वजन घटणे, हात थरथरणे ही तिची लक्षणे होत. हा विकार असल्यास वंध्यत्व उपचार सामान्यतः तो नियंत्रणात येईपर्यंत पुढे ढकलले जातात. कार्बिमाझोल या औषधाचा पहिल्या तिमाहीत वापर केल्यास गर्भात जन्मजात व्यंगांची शक्यता वाढते. म्हणून त्या काळात औषध लागलेच, तर प्रोपाइलथायोयुरॅसिल दिले जाते. किरणोत्सारी आयोडीनचा उपचार घेतल्यास त्यानंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते.

औषधोपचाराविषयीचे संशोधन

प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांत गर्भपात अधिक होतात, या निरीक्षणावरून त्यांना लेव्होथायरॉक्सिन दिल्यास गर्भ टिकेल, अशी अपेक्षा निर्माण झाली. प्रारंभीच्या काही लहान अभ्यासांनी तिला बळ दिले आणि अनेक ठिकाणी ही गोळी सर्रास दिली जाऊ लागली. पुढील मोठ्या चाचण्यांत मात्र ही अपेक्षा फोल ठरली.

चीनमधील बीजिंग येथे झालेल्या 'पोस्टल' या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत आयव्हीएफ उपचार घेणाऱ्या, प्रतिपिंडे असलेल्या परंतु ग्रंथीचे कार्य सुरळीत असलेल्या ६०० स्त्रियांचा समावेश होता. औषध घेतलेल्या गटात गर्भपाताचे प्रमाण १०.३ टक्के, तर न घेतलेल्या गटात १०.६ टक्के होते. जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण अनुक्रमे ३१.७ व ३२.३ टक्के होते. ब्रिटनमधील 'टॅब्लेट' या चाचणीत १९,००० हून अधिक स्त्रियांची रक्त तपासणी करून पूर्वी गर्भपात किंवा वंध्यत्व अनुभवलेल्या ९५२ स्त्रियांची निवड झाली. त्यांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज ५० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३४ आठवड्यांनंतरच्या जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण औषध गटात ३७.४ टक्के व दुसऱ्या गटात ३७.९ टक्के होते. यावरून प्रतिपिंडे ही धोक्याची खूण असली, तरी तो धोका या गोळीने दूर होत नाही, असा निष्कर्ष निघतो.

प्रच्छन्न अवटुन्यूनतेबाबतचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. ब्रिटन व इटली येथील २०१२ च्या आणि अमेरिकेतील २०१७ च्या मोठ्या चाचण्यांत गर्भवतींवर उपचार करूनही मुलांच्या बुद्ध्यंकात फरक आढळला नाही. परंतु या चाचण्यांत औषध पहिल्या तिमाहीच्या अखेरीस किंवा त्यानंतर सुरू झाले होते. म्हणजे ज्या आठवड्यांत गर्भ पूर्णतः मातेच्या संप्रेरकावर विसंबून असतो, ते बहुतांशी उलटून गेले होते. अमेरिकेतील ५,४०५ गर्भवतींच्या नोंदींवर आधारित २०१७ च्या एका अभ्यासात उपचार घेतलेल्या स्त्रियांत गर्भनाशाचे प्रमाण कमी आढळले. हा लाभ उपचारापूर्वी टीएसएच ४.१ ते १० असलेल्यांपुरताच दिसला. त्याखालील स्त्रियांत दिसला नाही. त्याच अभ्यासात उपचार घेतलेल्यांमध्ये अपुऱ्या दिवसांची प्रसूती, गर्भावस्थेतील मधुमेह व उच्च रक्तदाबाचे विकार यांचे प्रमाण अधिक होते. म्हणजे अनावश्यक औषध निरुपद्रवीच असते, असे गृहीत धरता येत नाही.

तपासणी आणि सामान्य मर्यादा

टीएसएच मिलियुनिट प्रतिलिटर या एककात मोजतात. गर्भवतीसाठी त्याची वरची मर्यादा कोणती मानावी, याबाबत एकवाक्यता नाही. भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्या तिमाहीसाठी २.५ आणि पुढील दोन तिमाहींसाठी ३ ही मर्यादा दिलेली आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१७ मध्ये, स्थानिक मर्यादा उपलब्ध नसल्यास पहिल्या तिमाहीसाठी सुमारे ४ ही मर्यादा सुचवली. दिल्ली येथे ३३१ निरोगी गर्भवतींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या तिमाहीतील वरची मर्यादा ५ इतकी आढळली. त्यामुळे ३.४ हा एकच आकडा एका निकषाने विकार, तर दुसऱ्या निकषाने सामान्य ठरतो. यासाठी एकट्या टीएसएचवरून निर्णय न घेता मुक्त टी-४, प्रतिपिंडे, पूर्वीचे गर्भपात आणि चालू असलेला उपचार यांचा एकत्रित विचार केला जातो.

वंध्यत्व उपचारांच्या बाबतीत निकष तुलनेने कडक ठेवले जातात. अमेरिकन संस्थेच्या तत्त्वांनुसार आयव्हीएफ करणाऱ्या स्त्रीस प्रच्छन्न अवटुन्यूनता असल्यास लेव्होथायरॉक्सिन द्यावे आणि टीएसएच २.५ च्या खाली ठेवावे. युरोपियन थायरॉइड असोसिएशनने २०२१ मध्ये वंध्यत्वासाठी सल्ला घेणाऱ्या सर्व स्त्रियांची टीएसएच व टीपीओ प्रतिपिंडांची तपासणी करण्याची शिफारस केली.

उपचार व देखरेख

लेव्होथायरॉक्सिन हे शरीरातील नैसर्गिक टी-४ सारखेच रसायन असून योग्य मात्रेत ते गर्भावस्थेत सुरक्षित मानले जाते. ही गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घेतात आणि त्यानंतर किमान अर्धा ते एक तास चहा, दूध किंवा न्याहारी टाळतात. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे तिचे शोषण घटते. म्हणून त्यांच्यात सुमारे चार तासांचे अंतर ठेवणे आवश्यक असते.

आधीपासून ही गोळी घेणाऱ्या स्त्रियांची गरज गर्भावस्थेत वाढते. बोस्टन येथील २००४ च्या अभ्यासात ही वाढ पाचव्या आठवड्यापासूनच सुरू होत असल्याचे आणि गर्भावस्थेच्या पूर्वार्धात मात्रा सरासरी ४७ टक्क्यांनी वाढवावी लागल्याचे दिसले. नैसर्गिक गर्भधारणेत पाचव्या आठवड्यात अनेक स्त्रियांना दिवस गेल्याची खात्रीही नसते. आयव्हीएफमध्ये मात्र गर्भधारणेची तारीख निश्चित असते. पाच दिवसांच्या भ्रूणाचे रोपण होते त्या दिवशी गर्भाचे वय प्रचलित गणनेनुसार दोन आठवडे पाच दिवस धरले जाते आणि त्यानंतर साधारण दहा ते चौदा दिवसांनी, म्हणजे सुमारे साडेचार आठवड्यांना, रक्त तपासणीतून गर्भ राहिल्याचे कळते. मात्रा वाढवण्याची योग्य वेळ हीच असते. त्यासाठी आठवड्याच्या सात गोळ्यांऐवजी नऊ गोळ्या घेण्याची पद्धत प्रचलित आहे. मात्र हा बदल उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच केला जातो. त्यानंतर गर्भावस्थेच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी आणि तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा टीएसएच तपासतात. प्रसूतीनंतर मात्रा पूर्ववत करून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली जाते. स्तनपानाच्या काळात हे औषध चालू ठेवता येते.

आयोडीनची गरज

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ व्यक्तीस रोज १५० मायक्रोग्रॅम, तर गर्भवती व स्तनदा मातेस २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. भारतात खाण्यासाठीच्या आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवर २००६ पासून बंदी आहे. मिठात उत्पादनस्थळी दशलक्ष भागांत किमान ३० भाग आणि ग्राहकापर्यंत पोहोचताना किमान १५ भाग आयोडीन असणे बंधनकारक आहे. २०१८–१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील ७६.३ टक्के कुटुंबांकडे पुरेसे आयोडीन असलेले मीठ आढळले. मीठ उघडे ठेवल्यास किंवा ओलसर जागी साठवल्यास त्यातील आयोडीन कमी होते. आहारात सैंधव किंवा खडे मीठच वापरल्यास आयोडीनची उणीव राहू शकते. दुसरीकडे, आयोडीनचा अतिरेकही थायरॉइडला बाधक ठरतो.

महाराष्ट्र व ग्रामीण भागातील स्थिती

मुंबई व गोव्यासह देशातील आठ शहरांत ५,३७६ प्रौढांच्या तपासणीतून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात १०.९५ टक्के व्यक्तींना अवटुन्यूनता आढळली आणि सुमारे २२ टक्के व्यक्तींच्या रक्तात टीपीओ प्रतिपिंडे होती. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक होते. आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची तत्त्वे सर्व गर्भवतींऐवजी जोखीम असलेल्या गर्भवतींची तपासणी करण्यास सांगतात. वंध्यत्व, वारंवार गर्भपात आणि थायरॉइडचा पूर्वेतिहास यांचा त्या जोखमींत समावेश आहे. म्हणजेच वंध्यत्व उपचारानंतर गर्भवती झालेली स्त्री या तत्त्वांनुसार तपासणीस पात्र ठरते.

ग्रामीण भागात अडचण येते ती उपचारांच्या दोन टप्प्यांमधील दुव्याची. भोर तालुक्यातील नसरापूर हे पुणे–सातारा महामार्गालगतचे बाजाराचे गाव असून वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याकडे, जाणारा रस्ता येथून फुटतो. अशा परिसरातील दांपत्यांना आयव्हीएफसाठी पुणे शहर गाठावे लागते, तर गर्भ राहिल्यानंतरची नोंदणी, लसीकरण आणि नियमित तपासणी गावाजवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. शहरातील केंद्राचे काम गर्भाचे ठोके दिसल्यावर संपत आलेले असते आणि गावातील नोंदणी कधी कधी तिसऱ्या महिन्यापर्यंत लांबते. मधल्या आठवड्यांतच थायरॉइडची मात्रा वाढवायची असते.

याच टप्प्यावर गोळ्यांच्या वेळांचाही प्रश्न उद्भवतो. शासकीय कार्यक्रमात गर्भवतीस दुसऱ्या तिमाहीपासून लोह-फॉलिक ॲसिडची रोज एक आणि कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या दिल्या जातात. या सर्व गोळ्या सकाळी एकत्र घेतल्यास थायरॉइडची गोळी नियमित घेऊनही टीएसएच वाढलेले राहते. थायरॉइडची गोळी पहाटे उठल्यावर, कॅल्शियम दुपारच्या व रात्रीच्या जेवणासोबत आणि लोह त्यांपासून काही तासांच्या अंतराने, अशी विभागणी केल्यास ही अडचण टळते. वंध्यत्व उपचाराचा व थायरॉइडच्या औषधाचा उल्लेख माता-बाल संरक्षण कार्डावर असल्यास आशा स्वयंसेविका व आरोग्यसेविका यांना या वेळा समजावून सांगणे आणि पुढील रक्त तपासणीची आठवण करून देणे शक्य होते. दर महिन्याच्या ९ तारखेस होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत अशा गर्भवतींना डॉक्टरांचा सल्ला मिळू शकतो.

प्रचलित समजुती

दिवस गेल्यावर 'गरम' औषधे बंद करावीत, या समजुतीतून काही घरांत थायरॉइडची गोळीही थांबवली जाते. ही बाब धोकादायक आहे. कारण याच काळात संप्रेरकाची गरज वाढलेली असते. कोबी किंवा फुलकोबी खाल्ल्याने थायरॉइड बिघडते, असेही मानले जाते. या भाज्यांतील काही घटक आयोडीनच्या वापरात अडथळा आणतात हे खरे असले, तरी त्या शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यास आणि आहारात पुरेसे आयोडीन असल्यास अपाय होत नाही. गर्भपात झाल्यावर त्याचा सारा दोष थायरॉइडला, आणि पर्यायाने त्या स्त्रीला, देण्याची प्रवृत्तीही आढळते. वस्तुतः पहिल्या तिमाहीतील गर्भपातांचे सर्वांत मोठे कारण भ्रूणाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते आणि औषध नियमित घेणाऱ्या स्त्रीतही ते घडू शकतात.

हे सुद्धा पहा

अवटु ग्रंथी
गलगंड
वंध्यत्व
कृत्रिम गर्भधारणा
आयोडीन
इंदिरा हिंदुजा